कडी लागली

आयुषला निजवायला गेलेल्या सुलाबाईंना आयुषनंच निजवलं, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

रविवारची दुपार. बाहेरच्या खोलीत पंखा घरघरत होता. सुलाबाई नातवाला मांडीवर घेऊन थोपटता थोपटता भिंतीला टेकल्या आणि घोरायला लागल्या. दीड वर्षाचा आयुष त्यांच्या हाताखालून अलगद निसटला आणि मालकासारखा घरभर फिरायला निघाला. आतल्या खोलीत त्याची आई, पारमिता, दार लोटून आरशासमोर उभी होती. लग्नाआधीचा टीशर्ट पोटावर जरा रुसला होता, ट्रॅकपँटची नाडी दोनदा सोडून बांधून झाली होती आणि हातात रॅकेट होती. चार वाजता मॅच. तिच्या छातीत असं काही धडधडत होतं, जे कांदेपोह्यांच्या दिवशीसुद्धा धडधडलं नव्हतं.

जाता जाता एकदाच, शेवटचं म्हणून, तिनं खांदा वळवला, रॅकेट कानापर्यंत वर नेली आणि थापलेल्या वडीवरून सुरी फिरवावी तशी तिरकी खाली आणली. हवा कापली गेली. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "कडी!"

दाराबाहेर खट् असा आवाज झाला. मग टाळ्या वाजल्या.

"कदी!" बाहेरून एक बारका, खुशीतला आवाज आला.

पारमितानं दार ओढलं. दार हललं, उघडलं नाही.

आता ही कडी काय भानगड आहे, ते आधी सांगायला पाहिजे.

पारमिता बेळगावच्या कॅम्पात वाढली. वडील तिथल्या एका ऑफिसात क्लार्क होते आणि क्वार्टर्सच्या कुंपणापलीकडं लाल मातीची दोन टेनिस कोर्टं होती. कुंपणावरून आलेले बॉल परत फेकता फेकता एक दिवस ती स्वतःच कुंपणापलीकडं गेली आणि मग रोज जायला लागली. शिकवायला बसलिंग सर होते. सर पक्के कन्नड. मराठी त्यांना समजायची, बोलताना हिंदी यायची आणि रागावले की नुसतं कन्नड. बॅकहँडला बॉल आला की सरळ ठोकायचा नाही, त्याच्या पाठीवरून रॅकेट तिरकी फिरवून त्याला कापायचं, हा त्यांचा आवडता धडा. इंग्रजीत त्याला स्लाइस म्हणतात. सर मात्र कोर्टाच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "कडि! कडि!"

कन्नडात कडि म्हणजे काप. पण दहा वर्षांची पारमिता आणि तिची जोडीदारीण दिपाली, दोघी मराठी शाळेतल्या. त्यांचं कन्नड तेव्हा 'बा' म्हणजे ये आणि 'होगु' म्हणजे जा, याच्या पुढं गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, सर कडी लावायला सांगताहेत, दाराला लावतात ती. गंमत म्हणजे ते बरोबर बसलं. नीट कापलेला बॉल पलीकडं टप्पा पडल्यावर उसळतच नाही, जमिनीला चिकटून सरपटत आत जातो. समोरचा उंच रॅकेट घेऊन बघत राहतो. म्हणजे त्याचं दार बंद. कडी लागली! पुढं दोघींना कन्नड चांगलं यायला लागलं, पण तोवर शब्द जिभेला चिकटला होता.

एकदा सर शांत होते तेव्हा हिंदीत म्हणाले होते, "लेट हो गया ना, तो ताकत नहीं लगाने का. कडि. बॉल आराम से जाएगा, तुमको वापस जगह पे आने का टाइम मिलेगा." तेव्हा पारमिताला वाटलं होतं, हे टेनिसचं चाललंय.

लग्न होऊन ती निपाणीला आली. नवरा दीपंकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, भला माणूस. ती पॉलिटेक्निकात शिकवायची. आयुष झाला आणि तिनं रजा घेतली, मग वाढवली, मग पुन्हा वाढवली. रॅकेट उशीच्या अभ्र्यात घालून माळ्यावर गेली. आणि तिला प्रत्येक गोष्टीला उशीर व्हायला लागला. दूध उतू जायच्या आत पोचायला उशीर, लसीकरणाला उशीर, स्वतःच्या जेवणाला तर रोजच उशीर. इथं कुठली कडी मारायची आणि कुठला वेळ मिळवायचा?

पण हाताला विसर पडत नव्हता. आयुषची पिळलेली झबली दोरीवर टाकताना हात वरून खाली यायचा आणि मध्येच थबकायचा. दुधीच्या फोडी करताना ती एकटीच हसायची. बेळगावची बस स्टँडातून निघताना जो हॉर्न देते, तो घरात ऐकू यायचा, आणि त्याबरोबर पाणी मारलेल्या लाल मातीचा वास कुठून तरी नाकात शिरायचा. तिला काही ट्रॉफी नको होती. तिला तो आवाज पाहिजे होता. ठोकलेला बॉल 'ठॉक' वाजतो. कापलेला बॉल 'सर्र' वाजतो, नवी साडी घडीतून उलगडावी तसा. तो एकदा, आपल्या हातातून निघालेला, पुन्हा ऐकायचा होता. बाकी काही नाही.

आणि गेल्या सोमवारी दिपालीचा फोन आला होता. "पारू, आमच्या कॅम्पातल्या बायका रविवारी तुमच्या निपाणीच्या क्लबात डबल्स खेळायला येतायत. निपाणीला जोडीच नाहीय म्हणे. मी निपाणीकडनं खेळते, तू माझी पार्टनर. नाही म्हणलीस तर तोंड बघणार नाही तुझं."

मग आठवडाभर घरात कडीशिवाय दुसरा शब्द नव्हता. पारमिता उलथन्यानं कडी मारायची, झाऱ्यानं मारायची. संध्याकाळी दीपंकर आला की चपला काढता काढता विचारायचा, "लागली का आज कडी?" तिला एखादा हात बरा वाटला असेल तर ती म्हणायची, "लागली लागली!" सुलाबाई पोळ्या लाटताना मान हलवायच्या. "दाराची कडी लागली का न्हाई ते कुणी बघत न्हाई, आन ही दोघं हवेत कड्या लावाय लागल्यात."

त्यांनी मात्र त्या आठवड्यात नातवाला एक खरीखुरी विद्या शिकवली होती. आतली खोली पूर्वी धान्याची. मांजर दार खालून ढकलून आत जायचं म्हणून दाराला बाहेरून, अगदी खाली, एक सरकवायची कडी बसवलेली होती. आयुषच्या बरोबर छातीला येणारी. सुलाबाई म्हणायच्या, "कडी!" आयुष दोन्ही हातांनी ती सरकवायचा. खट्. मग आजी टाळ्या वाजवायची, बाबा टाळ्या वाजवायचे, आईसुद्धा. आयुषच्या हिशेबी आता 'कडी' हा हुकूम होता आणि तो पाळला की सगळं जग आनंदानं टाळ्या पिटत होतं.

"आयुष," पारमिता दाराशी उकिडवी बसून, आवाजात साखर घालून म्हणाली, "माझा राजा तो. कडी काढ हं बाळा."

बाहेर कडी थोडी मागं सरकली, पुन्हा पुढं. खट्. टाळ्या.

"लावायची न्हाय रे सोन्या! कडी काढायची!"

खट्. टाळ्या. "कदी!"

आजीनं लावायचं शिकवलं होतं. काढायचा धडा अजून व्हायचा होता. ती जितक्यांदा समजावत होती, तितक्यांदा तो जास्त मन लावून लावत होता.

"आत्ती! ओ आत्ती!" तिनं सासूला हाक मारली. बाहेरून घोरण्याचा सूर एक पट्टी वर गेला. तिनं सुलाबाईंच्या मोबाइलवर फोन लावला. मोबाइल तिच्याच शेजारी, कपाटाजवळ चार्जिंगला लावलेला होता. तो जोरजोरात वाजला आणि तिनंच दचकून कट केला.

मग दीपंकर. तो सकाळपासून क्लबातच होता. कोर्टाला पाणी मारणं, रोलर फिरवणं, मंडप, माईक, सगळं त्यानं अंगावर घेतलं होतं. बायको इतक्या वर्षांनी खेळणार म्हणून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"अहो, कडी लागलीय!" पारमिता म्हणाली.

पलीकडं कुणीतरी 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' करत होतं. "काय? लागली?" दीपंकर ओरडला.

"लागली! आत्ताच! खोलीत!"

"आरं वा! खोलीत लागली म्हंजे कोर्टवर लागणारच की! मी काय म्हणलोतो?"

"तसं न्हाय हो! ती निघंना झालीय!"

"निघंना? मग बसली की हातात! बसू दे, बसू दे. तू लवकर ये, भजी पण सांगितल्यात."

आणि फोन बंद.

तिनं दिपालीला लावला. दिपालीच्या कानात एका बाजूनं फोन आणि दुसऱ्या बाजूनं स्पीकर.

"दिपे, कडी लागलीय गं. निघत नाहीय!"

"निघायला कशाला पाहिजे? खाली राहते ना?"

"खालचीच आहे गं ती!"

"मग झालं तर! खालचीच पाहिजे. वर उसळली तर समोरची ती रचना मारून खाईल आपल्याला."

"अगं, आयुषनं लावली!"

"आयुष्यात नाही लावली अशी? हाय, काय बोलतेस पारू! पळत ये!"

पारमितानं फोन पलंगावर टाकला. क्लब दोनच गल्ल्या पलीकडं होता. खिडकीतून तिला सराव करणाऱ्यांचा ठॉक, ठॉक आवाज ऐकू यायला लागला. इतक्या जवळ. ती गजांना धरून उभी राहिली आणि डोळे मिटले. ह्या आवाजाच्या अलीकडं लहानपणी एक कुंपण होतं, ते ती ओलांडून गेली होती. आता चाळीतलं एक दार, तेही मांजरासाठी कडी बसवलेलं, तिला ओलांडता येत नव्हतं. तेवढ्यात स्पीकर खरखरला आणि दीपंकरचा आवाज सगळ्या वस्तीवर पसरला: "आत्ताच हाती आलेल्या बातमीनुसार, निपाणीच्या खेळाडू सौ. पारमिता यांची कडी लागलेली आहे! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दाराबाहेर आयुषनंही वाजवल्या.

खिडकी मागच्या बोळात उघडत होती. बोळातून अंबुबाई पिठाचा डबा काखेत घेऊन गिरणीतून येत होत्या. सुलाबाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण.

"अंबुमावशी! ओ मावशी!"

"जयभीम गं पोरी. आन हे काय, खिडकीत का लोंबकाळतीस?"

"बाहेरनं कडी लागलीय मावशी. मला मॅचला जायचंय. जरा आत्तींना..."

एवढंच ती बोलली. अंबुबाईंनी पुढचं स्वतःच भरलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"सुलीनं कोंडलं?"

"न्हाय हो मावशी, तसं न्हाय..."

"तू काय बोलू नगंस. तू सोसणारी हैस, म्हाईत हाय मला. एवढी शिकलेली सून, आन तिला कोंडती? खेळाय जाऊ ने म्हणून? थांब, बघते तिच्याकडं."

"मावशी, ऐका तरी..."

पण अंबुबाई निघाल्यासुद्धा. मागच्या बोळातून पुढच्या दाराला यायचं तर पूर्ण चाळीला वळसा पडतो, आणि त्या वळशात सहा घरं लागतात. पुढच्या दाराशी पोचेपर्यंत अंबुबाईंच्या मागं चांगली मिरवणूक होती.

"सुले! ऊठ!"

सुलाबाई धडपडून जाग्या झाल्या. "कोण गेलं?"

"कोण न्हाय गेलं, तुझी अब्रू चाललीय. सुनेला कोंडून निवांत घोरतीस व्हय गं?"

"कुणाला कोंडून?"

"नाटकं नगंत. ती आत खिडकीतनं हाका मारायल्या. पोरीला चार घटका खेळाय जायचं हुतं, तेवढं बघवलं न्हाई तुला?"

सुलाबाईंची झोप खाडकन उतरली. "मी? मी तिला आडवलं? आगं भवाने, परवा बाजारात जाऊन तिच्या बुटासाठी पायमोजं कुणी आणलं? मी आणलं! दुकानदाराला म्हणलं, टेनिसचं दे, साधं नगं. आन मी कोंडते?"

दाराआड पारमिताचा हात तोंडावर गेला. पायमोजे दीपंकरनं आणले, असं तिला सांगण्यात आलं होतं.

"मग कडी कुणी लावली?" अंबुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"तिनंच लावली आसंल!"

"आतनं बाहेरची कडी लावली? जादूगार हाय व्हय?"

"आत्ती," आतून आवाज आला, "आधी उघडा, मग भांडा!"

"थांब गं जरा!" सुलाबाई दाराकडं बघून ओरडल्या. "तुझ्यापायीच भांडाय लागलोय! हां, अंबे, मगाशी काय म्हणलीस? मी कडी लावली?"

खट्.

"तर काय! तूच कडी..."

खट्.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली गेल्या. दाराशी आयुष उभा होता, घामानं केस कपाळाला चिकटलेले, हात कडीवर. तो सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होता. एवढं काम करूनही आज कुणी टाळ्या का वाजवत नाही, ते त्याला कळेना.

"अगं बया," अंबुबाई म्हणाल्या. "आन हे ह्याला शिकवलं कुणी?"

सुलाबाईंनी पदर नीट केला. "आजकालची पोरं काय, मोबाइलवर बघून शिकत्यात," त्या म्हणाल्या आणि वाकून कडी काढली.

दार उघडलं. पारमिता तावातावानं बाहेर आली आणि आयुषनं दोन्ही हात वर केले. उचल. तिचा सगळा ताव तिथंच संपला. तिनं त्याला उचललं, त्यानं घामट डोकं तिच्या मानेत खुपसलं आणि सुस्कारा सोडला. दिवसभर राबून आलेला माणूस सोडतो तसा. पलीकडच्या स्पीकरवर कुणीतरी गुण सांगत होतं. मॅच केव्हाच सुरू झाली होती. ती उंबऱ्यावर बसली. आयुषचं डोकं एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं ती बुटाची नाडी सोडायला लागली.

"ऱ्हाऊ दे आत्ती. संपत आली असंल आता. परत कधीतरी."

"बूट सोडून तर बघ," सुलाबाई म्हणाल्या.

पारमितानं मान वर केली.

"आता तू न्हाई गेलीस तर ही अंबी गावभर सांगंल, सुलीनंच आडवलं म्हणून. ऊठ. ते पोरगं आण हिकडं." आणि त्यांनी आयुषला एका काखेत घेतलं, रॅकेट खुरप्यासारखी दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि चाळीच्या मधोमध चालायला लागल्या. प्रत्येक दाराशी आवाज चढवून सांगत होत्या, "बघा बायांनो, माझी सून खेळाय निघाली! मी सोडाय निघाले! कुणी कोंडल्याली न्हाय!" मागं पारमिता, तिच्या मागं पिठाचा डबा सांभाळत अंबुबाई आणि त्यांच्या मागं अर्धी चाळ, कारण एवढं झाल्यावर घरी बसून कुणाला राहवणार होतं.

क्लबात पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पारमिताच्या जागी आयत्या वेळी दीपंकरच्या ऑफिसातल्या अक्काताईंना उभं केलं होतं. त्यांनी आजवर फक्त कॅरम खेळला होता. निपाणीचा सहा-शून्यनं निकाल लागला होता. बेळगावच्या बायका भजी खाऊन हात पुसत होत्या आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर इंजिन सुरू करून बसला होता.

"कुठं होतीस तू?" दिपाली धावत आली.

"कडी लागली होती," पारमिता म्हणाली. "दाराची."

दिपालीला समजायला जरा वेळ लागला. मग ती रॅकेटवर कपाळ टेकून इतकी हसली की तिला उभं राहता येईना. डोळे पुसत ती वळली. "रचना! एक गेम! फक्त एक. हिच्यासाठी."

रचना बेळगावची कॅप्टन. शाळेत खेळाची शिक्षिका, उंच, पांढरी टोपी. तिनं ड्रायव्हरला पाच बोटं दाखवली आणि टोपी पुन्हा घातली. "चला. ह्यांची कडी बघायचीच आहे. माईकवर एवढं ऐकलंय."

पारमिता कोर्टात उतरली. बुटाखाली लाल माती करकरली. तिला वाटलं, मॅच नसती झाली तरी चाललं असतं, नुसतं इथं उभं राहायला मिळालं असतं तरी. पण ते काही खरं नव्हतं. हात आसुसला होता.

आणि आसुसलेल्या हातानं घात केला. रचनाची सर्व्हिस एकदा दिपालीला, एकदा पारमिताला. दिपालीनं आपला बॉल जिंकला. पारमितानं आपल्या बॉलवर असा वार केला की तो जाळ्यात जाऊन रुतला. दिपालीनं पुन्हा जिंकला. पारमिताचा दुसरा बॉल कुंपणावरून भज्यांच्या कढईकडं गेला आणि आचारी खाली वाकला. दिपालीनं तिसराही जिंकला. पारमिताचा तिसरा रॅकेटला लागलाच नाही.

"लई जोर लावतीय गं," अंबुबाई सुलाबाईंच्या कानात म्हणाल्या.

"साठलाय तो," सुलाबाई म्हणाल्या.

दोन्हीकडं गुण सारखे झाले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आता हा एक बॉल; जो जिंकेल त्याची गेम, आणि मग गाडी सुटणार.

"तू घे," दिपाली म्हणाली.

रचनाची सर्व्हिस आली. पारमितानं कशीबशी परत केली. रचनानं तो उलटा लांब, बॅकहँडच्या कोपऱ्यात टाकला. पारमिता धावली, आणि धावतानाच तिला कळलं की उशीर झालाय. जोर लावायला वेळच नव्हता. काही हवंसं वाटायलाही वेळ नव्हता. खांदा आपला आपण वळला, रॅकेट कानापर्यंत गेली आणि तिरकी, निवांत, खाली उतरली.

सर्र.

बॉल जाळ्यावरून बोटभर अंतरानं, काही घाई नसल्यासारखा तरंगत गेला. रचना दोन पावलं पुढं आली, रॅकेट वर घेतली, बॉलचा टप्पा पडला, आणि तो उसळलाच नाही. मातीला चिकटून तिच्या पायाशेजारून सरपटत गेला. रचनाची रॅकेट त्याच्यावरच्या रिकाम्या हवेतून फिरली.

तिनं वळून टप्प्याच्या जागेकडं बघितलं. मग रचना म्हणाली, "खड्डा!"

"काय?" दिपाली ओरडली.

"खड्डा आहे इथं. बॉल उसळायला नको का? आतच गेला! मी कुणाला दोष देत नाही, पण हा बॉल परत खेळायला पाहिजे."

"अगं, ती कडी आहे, कडी!" दिपाली म्हणाली. सुलाबाईंच्या कडेवरचा आयुष दार शोधायला लागला.

दीपंकर माईक हातात घेऊनच कोर्टात शिरला. "खड्डा? माझ्या कोर्टाला? सकाळपास्नं रोलर ओढून कंबर गेलीय माझी!" हे सगळं निपाणीनं स्पीकरवर ऐकलं.

"पोरानं जेवान सुदिक केलं न्हाई!" सुलाबाईंनी बाहेरून दुजोरा दिला. अंबुबाई म्हणाल्या, खड्डा कसला, बाई चुकली आणि खड्ड्यावर ढकलते. बेळगावच्या बायका म्हणाल्या, रचना चुकत नाही. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला.

"असं करू," रचना शेवटी म्हणाली. "पारमिताताई, तुम्हीच येऊन बघा. तुम्ही म्हणाल ते. खड्डा नसेल तर गेम तुमची, आम्ही निघतो. असेल तर एक बॉल परत."

पारमिता जाळ्याला वळसा घालून पलीकडं गेली आणि उकिडवी बसली. साध्या टप्प्याची खूण रुपयासारखी गोल पडते. ही लांबट होती, कुंकवाचं बोट कपाळावर ओढावं तशी. तिनं तिच्या शेजारी तळवा ठेवला. दीपंकरनं खरंच जीव ओतला होता. माती तव्यासारखी सपाट होती. तिथं मोहरीचा दाणासुद्धा लपला नसता.

सगळे तिच्याकडं बघत होते. एक शब्द, आणि गेम तिची. दीपंकर माईकवर जाहीर करेल, चाळ टाळ्या वाजवेल, गाडी निघेल, दिपाली निघेल आणि मंडपवाला खांब उपटायला लागेल.

पारमितानं मातीवरून बोट फिरवलं. मग गंभीर चेहऱ्यानं उठली आणि हात झटकले.

"आहे की खड्डा," ती म्हणाली. "चांगलाच आहे. परत खेळायला लागंल."

"आँ?" दीपंकरचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडला आणि दोन गल्ल्यांपलीकडं जाऊन आला. "पारू, कुठाय गं? मला तर दिसंना झालाय!"

"तुम्ही व्हा बघू बाजूला," ती म्हणाली. "खेळणाऱ्याला दिसतो तो."

दिपाली तिच्याकडं टक लावून बघत राहिली. मग हसू ओठांत दाबून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. पारमिता सावकाश चालत परत आली, शक्य होतं तितकं सावकाश.

रचनानं बॉल जमिनीवर दोनदा आपटला. "हा शेवटचा हं, ताई."

"बघू की," पारमिता म्हणाली आणि गुडघे वाकवून, ह्या बॉललाही खड्डा लागावा अशी आशा करत, उभी राहिली.